ठाण्याहून किलिमांजारोला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तयारीची पूर्ण वाट

सकाळच्या लोकलने आसनगाव गाठायचं, माहुली चढायचा आणि दुपारी जेवायला घरी. ठाणे-नवी मुंबईत अशी दमदार माणसं खूप आहेत. किलिमांजारोवर नेमकी हीच मंडळी फसतात. पाय मजबूत असतात, छाती भक्कम असते, म्हणून पहिल्या दोन दिवशी ती सगळ्यांच्या पुढे धावतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं धरून तंबूत पडतात. ५,८९५ मीटरच्या या डोंगराला दोर, कुऱ्हाड किंवा गिर्यारोहणाचा कोर्स लागत नाही. मचामे, मारांगू, लेमोशो या नेहमीच्या वाटा चालतच जातात. लागतात ते दिवस. शरीराला विरळ हवेची सवय होईपर्यंत थांबायची तयारी असेल तर चाळिशी-पन्नाशीतला साधा, नियमित चालणारा माणूसही माथ्यावर पोचतो. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

किलिमांजारो टांझानियात आहे. नियमानुसार परवानाधारक गाईडशिवाय त्यावर जाता येत नाही, त्यामुळे "आपण चौघं मित्र मिळून स्वतःच जाऊ" हा बेत इथे चालत नाही.

१. आधी महिना ठरवा

आपल्याकडे मोठी सुट्टी म्हणजे मे. किलिमांजारोसाठी तोच सगळ्यात वाईट काळ. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तिथे मोठा पाऊस असतो: जंगलात गुडघाभर चिखल, वर बर्फ, आणि तंबूत काहीच वाळत नाही. दुसरा, छोटा पाऊस नोव्हेंबरच्या आसपास येतो, म्हणजे दिवाळीची सुट्टीही काही वर्षी त्यात सापडते. चांगले काळ दोन: जानेवारी ते मार्चची सुरुवात, आणि जून ते ऑक्टोबर.

ठाण्याच्या माणसाने जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण सरावाचं आहे. त्या आधीचे ऑक्टोबर ते जानेवारी हे सह्याद्रीत चालायचे सगळ्यात छान महिने. सप्टेंबरला जायचं ठरवलंत तर सगळा सराव भर पावसात, निसरड्या वाटांवर करावा लागतो आणि बूट कधी सुकतच नाहीत.

कालनिर्णय उघडून पौर्णिमाही पाहून ठेवा. शिखराची चढाई रात्री असते. लख्ख चांदणं असेल तर वाट दिसते आणि मनाला फार आधार वाटतो. त्या तारखांना गर्दी मात्र जास्त असते.

डोंगरावर ७ दिवस, आधी एक आणि नंतर एक दिवस आराम, प्रवासाचे दोन. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत ११ दिवस धरा आणि ऑफिसात रजा तेवढी मागा.

२. मार्ग आणि दिवस

कमी दिवसांचं पॅकेज स्वस्त दिसतं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

मारांगू मार्गावर तंबूऐवजी लाकडी झोपड्या आहेत. मांडारा २,७२० मीटरवर, होरोम्बो ३,७२० वर आणि किबो ४,७२० वर. गादी मिळते म्हणून हा मार्ग सोपा समजला जातो. पण तो बहुतेक वेळा ५ दिवसांत विकतात, म्हणजे तिसऱ्याच रात्री शिखराकडे निघायचं. इतक्या लवकर शरीर तयार होत नाही. मारांगूच करायचा असेल तर होरोम्बोला एक जादा मुक्काम असलेला ६ दिवसांचा घ्या.

मचामे मार्ग सुमारे ६० किलोमीटरचा आहे, तंबूत राहावं लागतं आणि तो ६ किंवा ७ दिवसांचा मिळतो. या एका दिवसाचा फरक नीट समजून घ्या. ७ दिवसांत बारांको, कारांगा, बराफू असे तीन वेगळे मुक्काम होतात. ६ दिवसांत कारांगा गाळतात. म्हणजे बारांकोहून थेट बराफू, संध्याकाळी पाचला पोचायचं, चार घास खायचे आणि त्याच रात्री बाराला शिखरासाठी उठायचं. दिवसभर चाललेल्या, न झोपलेल्या शरीराला वर १,२०० मीटर चढवायचं. वाचलेल्या शंभर-दोनशे डॉलरची ही किंमत आहे.

लेमोशो ८ दिवसांचा. पश्चिमेकडून येतो, सुरुवातीला शांत असतो आणि पुढे मचामेच्याच वाटेला मिळतो. वेळ आणि पैसे असतील तर हा सगळ्यात चांगला. नसतील तर ७ दिवसांचा मचामे. पुढचं वर्णन त्याच मार्गाचं आहे.

मुलांना न्यायचं असेल तर किमान वय १० वर्षं.

३. कंपनी निवडताना काय विचारायचं

भाव कळण्यासाठी आधी हिशेब मांडा. राष्ट्रीय उद्यानाची फी माणशी दिवसाला ७० डॉलर, कॅम्पिंग रात्रीला ५० डॉलर, बचाव पथकाचे एकदा २० डॉलर, आणि या सगळ्यावर १८ टक्के कर. ७ दिवस आणि ६ रात्रींचे मिळून सुमारे ९५५ डॉलर. हे सरकारजमा होतात, कंपनीच्या हातात त्यातला एक पैसा राहत नाही. उरलेल्यात गाईड, आचारी, पोर्टर, अन्न, तंबू, गाडी आणि हॉटेल भागवायचं असतं. म्हणून कोणी सगळं मिळून १,२०० डॉलरमध्ये देत असेल तर कुणाचा तरी पगार मारला जातोय, आणि तो बहुतेक पोर्टरचा असतो. ठीकठाक कंपनीचा ७ दिवसांचा दर साधारण १,८०० ते २,५०० डॉलर असतो. विमान, व्हिसा, विमा आणि टिप वेगळी.

फोनवर हे नक्की विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागवा:

पोर्टरना दिवसाला किती पगार, किती वेळा जेवण? किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट या संस्थेशी कंपनी जोडलेली आहे का?
किती जणांमागे एक गाईड? तिघांमागे एक असेल तर चांगलं. एकाला उतरवावं लागलं तर बाकीच्यांचं काय, ते यावर ठरतं.
ऑक्सिजनचा सिलिंडर आणि पल्स ऑक्सिमीटर सोबत असतो का? शिखराच्या रात्री सिलिंडर कोणाकडे असतो, खाली कॅम्पात की बरोबर?
स्वतंत्र टॉयलेट तंबू मिळतो का? सार्वजनिक संडासांची अवस्था बघता, विशेषतः बायकांनी यावर तडजोड करू नये.
शाकाहारी किंवा जैन जेवण कसं देता? "हो, व्हेज आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. अंडं, मासळीचं सूप, कांदा-लसूण, एकेक पदार्थ नाव घेऊन सांगा.

ठाणे-मुंबईतल्या एखाद्या ट्रेकिंग संस्थेबरोबर गेलात तरी डोंगरावरची व्यवस्था स्थानिक टांझानियन कंपनीच करते. तिचं नाव आधी मागून घ्या. परदेशी सहलीच्या पॅकेजवर इथे टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला कर) कापला जातो. त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा, आयकर विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती होते.

४. कागदपत्रं, लस, विमा

हे सगळं निघायच्या किमान दोन महिने आधी सुरू करा.

पासपोर्ट: प्रवासाच्या तारखेपासून ६ महिने वैध, दोन कोरी पानं.
टांझानियाचा ई-व्हिसा: साधा पर्यटक व्हिसा ५० डॉलर. फोटो, पासपोर्टची स्कॅन प्रत, परतीचं तिकीट लागतं. टांझानिया सरकारच्या संकेतस्थळावरूनच भरा. अगदी तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट दुप्पट पैसे घेतात. तीन आठवडे हातात ठेवा.
पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र, पिवळं पुस्तक.
प्रवास विमा.
डॉक्टरांचं फिटनेस पत्र आणि चालू औषधांची चिठ्ठी.
या सगळ्याच्या दोन-दोन छापील प्रती, एक संच घरी.

पिवळ्या तापाबद्दल फार गोंधळ असतो, म्हणून सविस्तर. मुंबईहून किलिमांजारो विमानतळाला जाणारे बरेच प्रवासी आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलतात. इथिओपिया आणि केनिया हे पिवळ्या तापाचे देश आहेत. अशा देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतणाऱ्याला विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. वाद घालत बसण्यापेक्षा लस घ्या. ती केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त केंद्रावरच मिळते, कुठल्याही खासगी दवाखान्यात नाही, आणि बऱ्याच ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होतं. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, वय ६० च्या पुढे असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर केंद्रातल्या डॉक्टरांना आधी सांगा.

विमा घेताना "ट्रेकिंग कव्हर आहे" हे वाक्य पुरेसं नाही. अनेक पॉलिसींत उंचीची मर्यादा बारीक अक्षरात असते: ३,००० किंवा ४,५०० मीटर. तुम्हाला ६,००० मीटरपर्यंतचं संरक्षण हवं, हेलिकॉप्टरने उतरवण्यासकट. ते पॉलिसीच्या कागदावर छापलेलं दिसलं पाहिजे. एजंटने तोंडी दिलेला शब्द तिथे कामाला येत नाही.

तिकीट काढताना विमानतळाचं नाव वाचा. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. घोडबंदरहून पहाटे चुकीच्या दिशेला निघालेली टॅक्सी वेळेत वळवता येत नाही.

५. डॉक्टरकडे एकदा नीट

फॅमिली डॉक्टरला "आफ्रिकेत फिरायला चाललोय" असं मोघम सांगू नका. "५,८९५ मीटर, ७ दिवस" असं सांगा. चाळिशीनंतर हृदयाची तपासणी करून घ्या. बायकांनी हिमोग्लोबिन तीन-चार महिने आधी पाहावं. ते कमी असेल तर विरळ हवेत त्रास आणखी वाढतो, आणि लोहाच्या गोळ्यांना काम करायला वेळ लागतो. किडलेला दातही आधीच भरून घ्या.

ॲसेटाझोलामाइड या गोळीबद्दल विचारा. उंचीची सवय लवकर व्हायला ती मदत करते. बऱ्याचदा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात, पण मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. हे अपेक्षित आहे. घरीच दोन दिवस घेऊन पाहिलीत तर डोंगरावर घाबरायला होत नाही. झोपेच्या गोळ्या मात्र वर घेऊ नका, श्वास आणखी मंदावतो.

किलिमांजारोजवळच्या मोशी आणि अरुशा या शहरांच्या सपाटीवर मलेरिया आहे. त्याच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही याच भेटीत विचारा.

६. सोळा आठवड्यांचा सराव

ठाण्यात राहून उंचीची सवय होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, तिथेही नाही. इथे तयार करायचे ते पाय, गुडघे आणि सलग सहा-सात तास हळू चालायची सवय.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटं भरभर चालणं. उपवन, मासुंदा तलावाचा काठ, सीवूड्सचा पामबीच, जे जवळ असेल ते.

पुढचे आठ आठवडे: दोन दिवस जिने. सोसायटीचा २० मजली जिना साधारण ६० मीटरचा होतो, दहा फेऱ्या म्हणजे ६०० मीटर. पाठीवर एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, ४ किलोपासून ८ किलोपर्यंत वाढवत. सुरुवातीला उतरताना लिफ्ट घ्या, सहाव्या आठवड्यापासून चालत उतरा. शनिवार-रविवारी येऊर, पारसिक किंवा खारघरच्या टेकड्या, आणि दोन आठवड्यांतून एकदा मोठा डोंगर: माहुली किंवा प्रबळगड.

शेवटचे चार आठवडे: सलग दोन दिवस चालणं. शनिवारी कळसूबाई, रविवारी थकलेल्या पायांनी दुसरा डोंगर. किलिमांजारोवर रोज उठून चालायचं असतं. एका दिवसाचा पराक्रम तिथे कामाला येत नाही. शेवटचा आठवडा हलका ठेवा.

उतरण्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. शिखराच्या दिवशी ५,८९५ वरून ३,१०० मीटरवर यायचं असतं, जवळजवळ २,८०० मीटर. म्हणजे बारी गावातून चढलेला कळसूबाई एका दिवसात तीनदा उतरल्यासारखं, तेही रात्रभर चढून झाल्यावर. मांडीचे पुढचे स्नायू आणि गुडघे याला तयार नसतील तर माथा गाठूनही शेवटचे दोन दिवस रडवतात.

आणि प्रत्येक ट्रेकमध्ये तास-दोन तास मुद्दाम हळू चाला. इतकं हळू की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सह्याद्रीच्या पोरांना हेच सगळ्यात जड जातं.

७. सामान

बुटांपासून सुरू करतो, कारण आपल्याकडच्या हवेचा त्यांच्याशी थेट संबंध आहे. चांगल्या ट्रेकिंग बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. ठाण्याच्या दमट हवेत तीन-चार पावसाळे कपाटात पडून राहिले की तो थर आतून भुसभुशीत होतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो. घरात घालून दोन पावलं टाकली तरी कळत नाही. डोंगरावर तिसऱ्या दिवशी टाचेकडून सोल उघडतो आणि तोंड वासतो. जुने बूट असतील तर सोलच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा, नखाने खरवडा. तुकडा निघाला किंवा बारीक भेगा दिसल्या तर ते बूट टाकून द्या. नवे घेताना संध्याकाळी, जाड मोजे घालून, अर्धा ते एक नंबर मोठे घ्या. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळीनिळी होतात. किमान ८० किलोमीटर ते बूट चालवून घ्या. हीच हवा रेनकोटच्या आतल्या लेपालाही खाते. आतून पांढरे पोपडे सुटत असतील तर त्या जॅकेटमधून पाणी आत येणार.

पोर्टर एकूण २० किलोपर्यंतच उचलतो, त्यात त्याचं स्वतःचं सामानही आलं. म्हणून तुमची बॅग १५ किलोच्या आत, आणि गेटवर खरोखर वजन होतं. मऊ डफल बॅग हवी, चाकांची ट्रॉली नाही. आतलं सगळं जाड, पुन्हा वापरता येणाऱ्या ड्राय बॅगांत भरा. टांझानियात एकदा वापरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे, आणि फेकायच्या पाण्याच्या बाटल्या डोंगरावर नेऊ देत नाहीत. ड्रोन घरी ठेवा.

अंगावरचे थर: घाम शोषून सुकणारे थर्मल २ जोड, फ्लीस १, टोपीचं डाउन (पिसं भरलेलं) जॅकेट १, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट आणि पँट. चालायच्या पँट २. कॉटनचं बनियन आणि जीन्स अजिबात नको, ओली झाली की अंगातली ऊब ओढून घेतात.
हात-पाय-डोकं: पातळ आणि जाड असे दोन थरांचे हातमोजे, लोकरीचे मोजे ४ जोड (एक जोड फक्त शिखराच्या रात्रीसाठी कोरडा), माकडटोपी, उन्हाची टोपी.
झोप: उणे १० ते उणे १५ अंशांची स्लीपिंग बॅग.
बाकी: ट्रेकिंग पोल २, हेडटॉर्च आणि लिथियमचे जादा सेल, अतिनील किरण अडवणारा गडद गॉगल, एसपीएफ ५० सनस्क्रीन, ओठांचं मलम, ३ लिटर पाण्याची सोय आणि त्यात एक रुंद तोंडाची बाटली, ३० लिटरची पाठपिशवी, ओआरएस, ब्लिस्टरच्या पट्ट्या.

स्लीपिंग बॅग, डाउन जॅकेट आणि काठ्या मोशीत भाड्याने मिळतात. एकदाच लागणाऱ्या वस्तूंवर इथे पंचवीस हजार घालवू नका. बूट, मोजे आणि आतले कपडे मात्र स्वतःचेच. विमानात बूट पायात घाला, डाउन जॅकेट आणि औषधं हातातल्या बॅगेत. पोल चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हातात.

खाऊ एक किलो पुरे. गूळपोळी, शेंगदाण्याचा लाडू, खजूर उत्तम. चिक्की वर दगडासारखी होते, घरीच बारीक तुकडे करून न्या. तेलकट चिवडा ४,००० मीटरनंतर नकोसा होतो. मेतकुटाची छोटी डबी आणि लिंबाचं लोणचं नक्की घ्या. तोंडाची चव गेलेली असते तेव्हा गरम भातावर मेतकूट टाकलं की चार घास जातात. त्या चार घासांवर दुसऱ्या दिवसाचं चालणं असतं.

८. डोंगरावरचे दिवस

मोशीत पोचलात की गाईडशी सविस्तर बोला: औषधं, ॲलर्जी, जेवण, भीती, सगळं. स्वाहिलीतले काही शब्द आपल्याला ओळखीचे वाटतील. चपाती चपातीच, चाय चायच, गाडीला गारी, लाखाला लाकी. "पोले पोले" म्हणजे हळूहळू, हे दिवसातून पन्नास वेळा ऐकाल.

पहिला दिवस, मचामे गेट (सुमारे १,८०० मीटर) ते मचामे कॅम्प (२,८३५): ११ किलोमीटर, दाट ओलं जंगल. गेटवर नोंदणी आणि वजनात दोन तास जातात. इथे सगळ्यांनाच जोर असतो. गाईडच्या मागे राहा.

दुसरा, शिरा कॅम्प (सुमारे ३,८००): झाडं संपतात, वाट खडकाळ. अंतर थोडं, चढ सलग. बऱ्याच जणांचं डोकं इथे पहिल्यांदा दुखतं.

तिसरा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. शिराहून लाव्हा टॉवर, ४,६०० मीटर, आणि तिथून खाली ३,९६० मीटरवरच्या बारांकोला मुक्काम. "वर चढून मग खाली का उतरवतात?" असं वाटतं. दुपारभर उंचीवर काढून खाली झोपलं की शरीर लवकर जुळवून घेतं. लाव्हा टॉवरला मळमळ, जड डोकं, भूक नाही हे सर्रास होतं आणि उतरल्यावर बहुतेकांचं ओसरतं. ओसरलं नाही तर मात्र गाईडला त्याच संध्याकाळी सांगा. बारांकोच्या दरीत उंच, खोडाला वाळक्या पानांचं घोंगडं गुंडाळल्यासारखी सेनेसिओची झाडं आहेत. फोटो काढायला थांबा, दमही खाल्ला जातो.

चौथा, बारांको वॉल: सुमारे २५० मीटरची खडी भिंत. खालून पाहून छाती दडपते. पण सह्याद्रीतले खडकटप्पे हाताळलेल्याला ही सोपीच जाते. दोन्ही हात मोकळे हवेत, काठ्या पिशवीला बांधा. पोर्टर डोक्यावर ओझं घेऊन जात असतात, त्यांना सोयीची बाजू द्या आणि स्वतः खडकाला चिकटून थांबा. मुक्काम कारांगा, सुमारे ४,००० मीटर. पाण्याचा शेवटचा झरा इथेच. पुढचं सगळं पाणी पोर्टर वाहून वर नेतात, म्हणून बराफूला ते हात धुण्यात घालवू नका.

पाचवा, बराफू (सुमारे ४,६७०): चार तासांत पोचता. बराफू म्हणजे बर्फ, शब्दही आपलाच भाऊ. जेवा, सामान लावा, आडवे व्हा. झोप लागणार नाही. नुसतं पडून राहिलं तरी चालतं.

रोज ३ ते ४ लिटर पाणी प्या. रात्री लघवीला उठावं लागतंच, म्हणून बरेच जण तंबूत वेगळी, ठळक खूण केलेली बाटली ठेवतात. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड आणि वापरलेले परत आणायची अपारदर्शक पिशवी ठेवा. नव्या हवेत तारीख पुढेमागे होते.

९. शिखराची रात्र

रात्री साडेअकराला चहा-बिस्किट, बाराच्या सुमारास निघणं. तापमान उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत उतरू शकतं, वर वारा. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सगळे थर घालून निघालात तर अर्ध्या तासात घामाने भिजाल आणि पुढे तोच घाम गोठेल.

पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, पाणी वरून गोठतं, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. नळीने पाणी प्यायची पिशवी असेल तर तिची नळी इथे हमखास गोठते, तिच्यावर अवलंबून राहू नका. फोन आणि सेल आतल्या खिशात, अंगाला लागून.

चढ भुसभुशीत राखमातीचा. एक पाऊल, एक श्वास. थांबा लहान, दोन-तीन मिनिटांचे. जास्त बसलं की अंग गारठतं. पहाटे तीन ते पाच हा काळ सगळ्यात कठीण. समोरच्याच्या टाचेकडे बघा, वर दिव्यांच्या रांगेकडे बघू नका. भूक नसली तरी तासाला खजूर किंवा लाडवाचा तुकडा चघळा.

सूर्य उगवायच्या सुमारास स्टेला पॉइंट, सुमारे ५,७५० मीटर. इथे बरेच जण बसून "झालं" म्हणतात. उहुरू शिखर, म्हणजे खरा माथा, आणखी ४५ मिनिटं ते तासभर, चढ सौम्य. गाईडने प्रकृती पाहून हो म्हटलं तर उठा. वर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे १५-२० मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. फोटोसाठी हातमोजे काढले की लगेच घाला.

मग बराफूपर्यंत उतार, तासभर विश्रांती, आणि पुढे म्वेका कॅम्प, ३,१०० मीटर. सातव्या दिवशी जंगलातून म्वेका गेट. उहुरू गाठणाऱ्याला सोनेरी आणि स्टेला पॉइंटपर्यंत गेलेल्याला हिरवं प्रमाणपत्र मिळतं.

१०. कधी मागे फिरायचं

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं हा उंचीचा सौम्य त्रास. त्याच उंचीवर थांबा, पाणी प्या, गाईडला सांगा. वाढत असेल तर वर जायचं नाही.

पुढची लक्षणं दिसली तर रात्रीचे दोन असले तरी लगेच खाली उतरायचं: बसल्या जागीही धाप लागणं, घरघर, फेसाळ किंवा गुलाबीसर कफ, ओठ निळे पडणं, किंवा बरळणं, विचित्र वागणं, तोल जाणं. तोल तपासायची सोपी रीत: पावलाला पाऊल लावून दहा पावलं सरळ रेषेत चालायला सांगा. झिंगल्यासारखं चालत असेल तर मेंदूला सूज यायला लागली आहे. ऑक्सिजन आणि गोळ्या वेळ मिळवून देतात, उपाय उतरणं हाच. अशा माणसाला कधीही एकटं पाठवू नका आणि एकटं झोपू देऊ नका.

गाईड रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावतो. आकडा चांगला यावा म्हणून जोरजोरात श्वास घेणं आणि डोकं दुखत नाही असं खोटं सांगणं, हे ग्रुपमध्ये हमखास चालतं. कृपा करून करू नका. गाईडचा निर्णय त्या आकड्यावर आणि तुमच्या उत्तरावरच उभा असतो. तो "उतरा" म्हणाला तर वाद न घालता उतरा.

११. टिप

ही पगाराचाच भाग समजली जाते. ग्रुपमधल्या प्रत्येकाने साधारण २०० ते ३०० डॉलर धरा. छोट्या, स्वच्छ नोटा न्या. जुन्या, फाटक्या किंवा शिक्का पडलेल्या डॉलरच्या नोटा तिथे नाकारतात, ठाण्यात चलन घेतानाच एकेक पाहून बदलून घ्या. चौघांच्या ग्रुपमागे पंधराएक माणसं राबतात. रक्कम सगळ्यांसमोर, कोणाला किती हे मोठ्याने सांगून द्या, म्हणजे शेवटच्या पोर्टरपर्यंत ती पोचते. चांगले राहिलेले हातमोजे, फ्लीस वाटून टाका. ठाण्यात ते पुन्हा कधी घालणार?

१२. परतल्यावर

दोन दिवस गुडघे बोलतील, जिने सावकाश उतरा. बूट धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, कागद भरून हवेशीर जागी ठेवा. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण करा. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की तुम्ही टांझानियाहून आला आहात.